कानांना सुट्टी

आमचे मामा गाणे डोळे मिटून ऐकतात. सवाई गंधर्वच्या मंडपात त्यांनी रात्रीच्या रात्री अशा काढल्या आहेत. भीमसेनजी गात असताना पुढची मागची माणसे माना उंचावून बघायची आणि मामा सतरंजीवर मांडी घालून, डोळे मिटून, बोटांनी गुडघ्यावर ठेका धरून बसलेले असायचे. एकदा पहाटे एका स्वयंसेवकाने त्यांचा खांदा हलवला आणि सांगितले, "काका, झोपायचं असेल तर मागे जा." मामा म्हणाले, "झोपलो नाही रे बाबा, तोडी ऐकतोय." स्वयंसेवकाला ते पटले नाही. मलाही आता पटत नाही.

कारण पुढारलेल्या जगाने गाणे ऐकण्याची ही जुनाट सवय केव्हाच टाकून दिली आहे. तिकडे गाणे पाहतात. निदान ऑपेरा तरी पाहतातच. हे मामांच्या गळी उतरवण्याचा मी गेली काही वर्षे प्रयत्न करतो आहे.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचेच बघा. 1931च्या नाताळात या संस्थेने 'हेन्सेल आणि ग्रेटेल' हा अख्खा ऑपेरा रेडिओवरून ऐकवला आणि तिथून पुढची पंचाहत्तर वर्षे अमेरिकेतली भाबडी माणसे शनिवारी दुपारी रेडिओपुढे बसून नुसती ऐकत राहिली. नायिका बारीक की जाड, राजवाडा लाकडी की पुठ्ठ्याचा, काही कळायला मार्ग नव्हता. आवाजाखेरीज हाती काही लागत नसे. ही उपासमार थांबवायला 2006 साल उजाडावे लागले. पीटर गेल्ब त्या वर्षी मेटचे मुख्य व्यवस्थापक झाले आणि 30 डिसेंबरला मोझार्टचा 'द मॅजिक फ्लूट' उपग्रहावरून थेट चित्रपटगृहांच्या पडद्यावर उतरला.

आता बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेतून दुर्बिणीनेही जे दिसले नसते, ते पडद्यावर बैलगाडीएवढे होऊन दिसते. गायकाने वरचा स्वर लावला की त्याची जीभ कशी थरथरते, कपाळावरचा घाम रंगातून वाट काढत भुवईपर्यंत कसा येतो, अक्कलदाढेत चांदी भरली आहे की सिमेंट, सगळे स्पष्ट. ही माहिती मिळवायला पूर्वी दातांच्या दवाखान्यात उमेदवारी करावी लागे. आता तिकिटातच येते. शिवाय खाली सबटायटल असतात, त्यामुळे डोळ्यांना क्षणाची फुरसत नाही. तीन तास डोळे राबतात आणि कान आरामात बसतात. कष्टांची इतकी न्याय्य वाटणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पण या सोहळ्याचा मुकुटमणी म्हणजे मध्यंतर. आपल्याकडे मध्यंतर म्हटले की बटाटेवडा आणि स्वच्छतागृहाची रांग, बस्स. तिकडे मध्यंतरातच खरा खेळ असतो. पडदा पडतो. दोन मिनिटांपूर्वी जिच्या काळजाचे तुकडे झाले ती नायिका धापा टाकत विंगेत येते. तिथे दुसरी एक नामांकित गायिका हातात माइक घेऊन उभीच असते. ती विचारते, भूमिका अवघड आहे का? नायिका हसून सांगते, हो, अवघड आहे. मग कॅमेऱ्यात बघून आपल्या गावाकडच्या आईवडिलांना हात हलवते. तिच्या मागे सुतार राजवाडा मोडून तुरुंग उभा करत असतात, तेही सविस्तर दाखवतात. एखाद्या प्रेक्षकाच्या डोळ्यांत चुकून पाणी आले असेल, तर ते पुढच्या अंकापर्यंत सुकून जावे याची यापेक्षा चांगली तजवीज कुणाला सुचेल? आमच्या बालगंधर्वांना ही सोय मिळाली नाही याची मला खंत वाटते. 'एकच प्याला'तल्या सिंधूने प्रेक्षकांना रडवून ठेवल्यावर लगेच विंगेतून, लुगडे कुठल्या पेठेतून आणले ते सांगितले असते, तर तेव्हाच्या कित्येक गृहस्थांचे रुमाल कोरडे राहिले असते.

मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये ही प्रक्षेपणे दाखवतात. न्यूयॉर्कचा दुपारी एकचा खेळ आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेअकराला सुरू होणार, म्हणून इथे चित्रमुद्रण मागाहून, सवडीने पाहायचे. उपक्रमाचे नाव 'द मेट: लाइव्ह इन एचडी' असले तरी आपण शिळ्या पोळीचा कुस्करा आवडीने खाणारे लोक, आपली त्याला हरकत नाही. आणि या बाबतीत मुंबई जगाच्या पुढेच होती हे विसरू नका. आमच्या गिरगावात 1911 सालापासून रॉयल ऑपेरा हाउस उभे आहे. त्याच्या रंगमंचावर मराठी संगीत नाटके झाली, मग तिथे सिनेमे लागले, मग ते वर्षानुवर्षे बंद राहिले. 2016 साली पुन्हा उघडले तेव्हा उद्घाटनाला पॅट्रिशिया रोझारियो गायल्या. मधली कैक दशके "ऑपेरा हाउस" म्हटले की बसचा थांबा आणि हिऱ्यांचा बाजार एवढाच अर्थ आम्हाला ठाऊक होता. म्हणजे ऑपेरा हाउसमध्ये सिनेमा, हे आम्ही आधी करून दाखवले. सिनेमाच्या पडद्यावर ऑपेरा, एवढेच मेटला उरले होते.

डोळ्यांचे राज्य आल्यावर कानांचे जुने लाड चालू ठेवून भागत नाही. 2004 साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये 'आरियाड्ने ऑफ नाक्सोस'साठी डेबोरा व्हॉइट या मोठ्या सोप्रानोला ठरवले होते. आवाज भूमिकेत चपखल बसत होता, पण बाई दिग्दर्शकाच्या मनातल्या काळ्या तोकड्या झग्यात बसत नव्हत्या. तेव्हा बाईंना काढून झगा ठेवण्यात आला. यावर पुष्कळ आरडाओरडा झाला. पण विचार करा, आवाज काय, पुढच्या पिढीत दुसऱ्या कुणाकडे सापडेल. शिवून तयार झालेला झगा असा वाया घालवता येतो का?

त्याच व्हॉइटबाई पुढे मेटमध्ये वाग्नरची ब्रुनहिल्ड झाल्या, आणि त्या निर्मितीबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. वाग्नरची 'रिंग' म्हणजे चार ऑपेरांची, पंधरा तासांच्या आसपास चालणारी माळ. रोबेर लपाज या दिग्दर्शकाने तिच्यासाठी 2010 साली चोवीस फळ्यांचे, सुमारे 45 टनांचे एक यंत्र रंगमंचावर आणून बसवले. रंगमंचाला ते पेलवेना, म्हणून खालून पोलादी आधार दिला. पहिल्याच रात्री 'राइनगोल्ड'च्या शेवटी देव इंद्रधनुष्याच्या पुलावरून स्वर्गीय महालात जायचे होते. यंत्र अडले, पूल काही झाला नाही आणि देव आल्या वाटेने आत गेले. पुढच्या वर्षी 'वाल्क्यूरं'च्या पहिल्या प्रयोगात व्हॉइटबाई याच फळ्यांवर पाय ठेवताच घसरल्या. तो ऑपेरा जगभर प्रक्षेपित व्हायचा होता त्या दिवशी, 14 मे 2011 ला, यंत्राचा संगणक रुसला आणि खेळ अर्धा तास उलटून गेल्यावर सुरू झाला. वाद्यवृंद तयार, गायक तयार, वाग्नर तर 1883 पासून हयात नाहीत त्यामुळे त्यांची अडचण नव्हती, फळ्या तेवढ्या तयार नव्हत्या. यावरून कुणाशिवाय ऑपेरा होऊ शकत नाही हे एकदाचे स्पष्ट झाले.

हे झाले थेटरातले. पण थेटर ही तरी नाटकी जागाच. खोटे तट, खोटे आकाश. ज्याला खरेपणाची चाड आहे तो माणूस एक दिवस म्हणणारच की ऑपेरा जिथे घडतो तिथेच करू. आंद्रेआ आंदरमान नावाच्या इटालियन निर्मात्याने ते म्हटले आणि 1992च्या जुलैत करून दाखवले. पुच्चिनीचा 'टोस्का' रोमच्या तीन ठिकाणी घडतो. पहिला अंक चर्चमध्ये, दुसरा राजवाड्यात, तिसरा किल्ल्याच्या गच्चीवर. आंदरमानने कॅमेरे त्याच चर्चमध्ये, त्याच राजवाड्यात, त्याच गच्चीवर नेले. एवढ्यावर भागले असते तर विशेष नव्हते, कारण प्लासिदो डोमिंगो यांनी 1976 साली त्याच जागांवर एक 'टोस्का' चित्रपट केलेलाच होता. आंदरमानची दृष्टी पुढची. त्याने घड्याळही खरे धरले. 11 जुलैला भर दुपारी पहिला अंक, रात्री दुसरा, आणि तिसरा 12 तारखेला उजाडताना. डोमिंगो, कॅथरिन मालफितानो, रुजेरो रायमोंदी, छायाचित्रणाला व्हित्तोरियो स्तोरारो. 107 देशांत थेट प्रक्षेपण. नायकाला रात्रभर जागवून पहाटे गोळ्या घालायच्या, तर तो खरोखरच पहाटे उठून आला पाहिजे.

खरेपणा इतका खोलवर गेला की काही बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष द्यायला वेळ राहिला नाही. उदाहरणार्थ, पहिल्या अंकात ज्या आत्ताव्हान्ती घराण्याच्या छोट्या प्रार्थनाघरात कैदी लपतो ते सांत आंद्रेआ देल्ला व्हाले चर्चमध्ये कधी नव्हतेच. लेखकांनी ते कल्पनेने रचले होते. तेव्हा कल्पनेतल्या जागेचे खरे ठिकाण म्हणून जवळची दुसरी खरी जागा घेतली. दुसऱ्या अंकातला क्रूर पोलिसप्रमुख स्कार्पिया फार्नेझे राजवाड्यात बसतो. त्या राजवाड्यात हल्ली फ्रान्सची वकिलात आहे. ऑपेरात नायिका टोस्का तिथे त्याला सुरीने भोसकते. वकिलातीच्या आवारात इतका शिस्तशीर खून दुसरा झाला नसेल.

आणि वाद्यवृंद? वाद्यवृंद तिसरीकडेच होता. खऱ्या चर्चमध्ये, खऱ्या दुपारी, खऱ्या उजेडात शंभर वादक खुर्च्या मांडून बसले तर खरेपणा बिघडतो. म्हणून त्यांना शहरात दुसऱ्या ठिकाणी, रेडिओच्या सभागृहात बसवले. गायक इकडे, वाजवणारे तिकडे, मधे तारा. चर्चच्या खांबाआड लपवलेल्या पडद्यांवर गायकांना कंडक्टरचा हात दिसे आणि कंडक्टरला त्याच्या पडद्यावर गायक दिसत. तबलजी दादरला आणि गवई डोंबिवलीला बसून मैफल झाली, तरीही सम चुकली नाही, असे समजा. संगीत सोडून बाकी सगळे आपापल्या खऱ्या जागी होते.

तो कंडक्टर म्हणजे आपले झुबिन मेहता. 1936 साली मुंबईत जन्मलेले, बॉम्बे सिम्फनी उभी करणाऱ्या मेहली मेहतांचे चिरंजीव. मामांच्या तोंडी एरवी त्यांच्याबद्दल आदराखेरीज शब्द नसतो, कारण मामा त्यांच्या ध्वनिमुद्रिका डोळे मिटून ऐकतात. पण मुंबईच्या माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्ट वेगळीच आहे. या क्षेत्रात जगाने जे जे भव्य म्हणून केले, तिथे बहुधा काठी धरून हाच आपला माणूस उभा असतो. आंदरमानचे पुढचे दोन खटाटोप, पॅरिसमधला 'ला त्राव्हियाता' आणि मान्तुआतला 'रिगोलेत्तो', यांनाही तेच. आणि बीजिंगलाही तेच.

बीजिंगची गोष्ट 1998 सालची. पुच्चिनी चीनला कधी गेला नाही. 'तुरान्दोत'मधले चिनी सूर त्याने काही अंशी एका ओळखीच्या सरदाराच्या घरातल्या वाजणाऱ्या पेटीवरून घेतले. गोष्ट मुळात फारसी, तीवर अठराव्या शतकातल्या व्हेनिसच्या नाटककाराचे संस्कार, आणि काळ कुठला तर दंतकथेतला. 1924 साली ऑपेरा अपुरा ठेवून पुच्चिनी वारला, शेवट दुसऱ्याने लिहिला. अशा ऑपेरासाठी बीजिंगच्या राजनगरीच्या आवारातल्या खऱ्या मंदिरापुढे, खऱ्या तटबंदीत रंगमंच घातला. दिग्दर्शक झांग यिमो. सैन्यातले शेकडो जवान शिपायांच्या वेशात. खर्च दीड कोटी डॉलरच्या घरात गेल्याचे तेव्हा छापून आले. नऊ प्रयोग झाले. कोल्हापूरच्या एखाद्या माणसाने कधीही न पाहिलेल्या इस्फहानवर नाटक लिहावे आणि इस्फहानवाल्यांनी शंभर वर्षांनी अंगरख्याची बटणे खरी हवीत म्हणून वाद घालावा, तसा हा प्रकार. प्रकाशयोजनेवरून इटालियन तंत्रज्ञ आणि चिनी दिग्दर्शक यांची जी जुंपली ती तर एका माहितीपटात नोंदवून ठेवलेली आहे. मला तो माहितीपट ऑपेरापेक्षा जास्त आवडतो. त्यात गाणे कमी आहे.

'तुरान्दोत'चे नाव निघाले आहे तर 'नेस्सुन दोर्मा'ला नमस्कार केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. याचा अर्थ, कुणी झोपू नये. ऑपेरात हे मध्यरात्री एकट्या उभ्या राहिलेल्या राजपुत्राचे स्वगत आहे. 7 जुलै 1990 च्या रात्री, फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, रोममधल्या काराकाल्लाच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत पाव्हारोत्ती, डोमिंगो आणि कारेरास या तिघांनी मिळून ते एकट्याचे स्वगत गायले. कंडक्टर अर्थातच मेहता. हॅम्लेटने एकट्याने विचार करावा हे त्या काळच्या लेखकांच्या गरिबीचे लक्षण. परवडत असेल तर तीन हॅम्लेट ठेवावेत, एकाला काही सुचले नाही तर दुसरा आहेच. शेवटचा जो वरचा स्वर सगळे जग जाणते, तो पुच्चिनीच्या कागदावर चिमूटभर लांबीचा, टेकून पुढे जाण्यापुरता आहे. आणि त्यानंतर ऑपेरात संगीत थांबतही नाही, टाळ्यांना फट न देता पुढे वाहत जाते. या दोन्ही चुका मैफलींनी सुधारून घेतल्या. स्वर श्वास पुरेल तेवढा लांबला आणि टाळ्यांसाठी शेवट झाला. त्या रात्रीची ध्वनिमुद्रिका अभिजात संगीतात सर्वाधिक खपलेली ठरली. दुसऱ्या दिवशी पश्चिम जर्मनीने अर्जेंटिनाला एका गोलाने हरवले, तोही पेनल्टीवरचा. फुटबॉल कंटाळवाणा झाला अशी तक्रार होती. गाण्याबद्दल तशी तक्रार आली नाही.

पण या विद्येचे शिखर म्हणाल तर ट्यूरिन. 10 फेब्रुवारी 2006, हिवाळी ऑलिम्पिकचे उद्घाटन. सत्तरीतला, आजारी पाव्हारोत्ती काळ्या झग्यात उभा राहिला, 'नेस्सुन दोर्मा' दुमदुमले, स्टेडियम उठून उभे राहिले. दोन वर्षांनी त्याचे कंडक्टर लेओने माजिएरा यांनी पुस्तकात सांगून टाकले की सगळे आधी ध्वनिमुद्रित केलेले होते. त्या रात्री गायक गाण्याचा, वादक वाजवण्याचा आणि ते स्वतः काठी हलवण्याचा अभिनय करत होते, आणि परिणाम उत्तम साधला. म्हातारा माणूस, हाडे गोठवणारी थंडी, लाकडी वाद्ये. यात कुणाला फसवल्यासारखे वाटत असेल तर ते चूक आहे. जगभरच्या लोकांनी पाव्हारोत्तीला पाहिले. पाहायला मिळेल असेच ठरले होते. ते त्याचे शेवटचे जाहीर गाणे. न गायलेले.

व्हिएन्नाच्या नववर्ष मैफलीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे प्रेक्षकांना काम असते आणि काम करणाऱ्यांचा मला मत्सर वाटतो. 1 जानेवारीला दुपारी पावणेचारला, आपल्या वेळेने, सोनेरी सभागृह फुलांनी भरलेले असते. श्ट्राउसचे वॉल्ट्झ वाजू लागले की कॅमेरा हळूच वादकांना सोडून राजवाड्यांकडे, बागांकडे, आधीच चित्रित करून ठेवलेल्या नर्तकांकडे जातो. वादक वाजवताना पाहण्यासारखे काय असते? शेवटी 'राडेट्स्की मार्च' लागतो. कंडक्टर वाद्यवृंदाकडे पाठ फिरवतो आणि प्रेक्षकांना टाळ्या वाजवायला शिकवतो. कधी हळू, कधी जोरात. हजारो रुपये मोजून आलेली, मोत्यांच्या माळा घातलेली माणसे बालवाडीतल्यासारखी एका तालात टाळ्या वाजवतात. मेहतांनी हा वर्ग 1990 पासून 2015 पर्यंत पाच वेळा घेतला आहे. आमच्याकडे आरतीला टाळ्या धरायला कुणी शिकवत नाही, त्यामुळेच त्या अजून पुढेमागे होतात.

एवढे सगळे समजावून सांगितल्यावर गेल्या दिवाळीत मामांना घरी बोलावले. नवा टीव्ही घेतला होता, भिंतभर. 1992चा तो 'टोस्का' लावला. मामांना मधली खुर्ची दिली, चष्मा पुसून दिला. पहिल्या अंकात मी त्यांना चर्चचा घुमट दाखवला, दुसऱ्यात वकिलातीचे छत. "हो का," म्हणाले. तिसरा अंक सुरू झाला तेव्हा बघतो तर डोळे मिटलेले आणि बोटे गुडघ्यावर. हा अंक लिहिण्याआधी पुच्चिनी स्वतः भल्या पहाटे त्या किल्ल्यावर चढून रोमच्या देवळांच्या घंटा ऐकून आला होता, ही हकिकत मला सांगायची होती, पण झोपलेल्या माणसाला काय सांगणार?

संपल्यावर मामांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "घंटा फार सुंदर लावल्यात रे. आधी लांबच्या, मग जवळच्या, मग ती एक मोठी, पार तळाची."

मी त्या वेळी गच्चीवरचा ब्राँझचा देवदूत पाहत होतो. त्यामुळे घंटांबद्दल मला काही सांगता येत नाही.